मचव्याचा रंग कोणता होता

एकदा एक माणूस होता आणि त्याला रंग फवारायचं एक यंत्र घ्यायचं होतं. बस्स, एवढीच गोष्ट आहे. हसू नका. गेली बावीस वर्षं मी या ना त्या व्यासपीठावरून दृष्टांत सांगत आलो आहे. राजे सांगून झाले, साधू झाले, व्यापारी आणि त्यांचे उंट झाले. लोक माना डोलावतात, चहा पितात आणि घरी जाऊन होते तसेच वागतात. मीही तसाच वागतो. खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा आता शीण आला आहे. म्हणून आज राजा नाही आणि साधूही नाही.

यंत्राचं नाव एअरब्रश. जाडसर पेनाएवढी एक पिचकारी असते, तिच्या आत सुई, टोकाला नोझल म्हणजे केसाएवढं भोक, आणि तिला नळीने कॉम्प्रेसर जोडलेला असतो. कॉम्प्रेसर टाकीत हवा दाबून भरतो, ती हवा पिचकारीतून बाहेर पडते आणि वाटीतला रंग धुक्यासारखा बारीक होऊन वस्तूवर बसतो. खऱ्या वस्तूंच्या मापात केलेल्या लहान प्रतिकृती असतात ना, बोटाएवढी माणसं, वीतभर गाड्या, त्या रंगवणारे लोक हे वापरतात. कुंचल्याचा रंग जाड बसतो आणि बारीक कोरीवकाम बुजून जातं. फवाऱ्याने तसं होत नाही.

आता माणूस. अशा गोष्टींत माणसांना नावं द्यायची पद्धत नाही, पण मी देणार आहे, कारण बिननावाच्या शिष्यावर मला आता दया येईनाशी झाली आहे. याचं नाव मोरेश्वर कुबल. वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावर राहणारा, वय बावन्न, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. सगळा जन्म थेंब मोजण्यात गेलेला. दर रविवारी तो सावंतवाडीला अनंतकाका चिताऱ्यांकडे शिकायला जाई. काका शहात्तर वर्षांचे. उमेदीच्या काळात त्यांनी एका वस्तुसंग्रहालयासाठी चार बोटं उंचीची माणसं आणि बैल रंगवले होते. मोरेश्वर चार वर्षं त्यांच्याकडे कुंचला शिकला आणि बरा शिकला.

मोरेश्वरचे वडील, भिकाजी कुबल, मचव्यावर तांडेल होते. शिडाची मालवाहू नाव म्हणजे मचवा आणि तिचा प्रमुख म्हणजे तांडेल. मोरेश्वर चार वर्षांचा असताना तो मचवा विकला गेला. म्हातारपणी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, भिकाजींनी फणसाच्या लाकडातून त्याची प्रतिकृती कोरली. लांबी दीड वीत. फळीफळीचा सांधा दिसावा म्हणून सुईने रेघा ओढल्या. वर सात माणसं, प्रत्येक बोटाच्या दीड पेराएवढं. दोन वर्षं लागली. काम संपत आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रेघा सरळ दिसत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. कडेचं थोडं राहील, पण समोरचं, बारीक, रंग आणि रेषा, हे सगळं जाणार. "दिवाळीपर्यंत धरून चाला," असं ते म्हणाले. तेव्हा चैत्र होता.

घरी आल्यावर म्हाताऱ्याने मचवा उचलून मुलाच्या हातात दिला. "माझ्याच्यान आता रंग होवचो नाय. तू रंगव. माका दिसता तवसर कर."

बघा, काम किती स्वच्छ होतं! मला दिसतं आहे तोवर कर, एवढंच.

मोरेश्वरने त्याच रविवारी काकांना विचारलं, "काका, सांध्यांच्या रेघा कुंचल्याने बुजतील. एअरब्रश घ्यावा म्हणतो. कुठला घेऊ?"

काकांनी मान वर न करता उत्तर दिलं. "झिरो पॉइंट तीनचं नोझल. चाप दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, असा दुहेरी चापाचा. तीन लिटर टाकीचा कॉम्प्रेसर. आणि आपल्याकडची हवा ओली, तेव्हा नळीवर पाणी अडवणारी बाटली पाहिजेच. झालं. पुढच्या रविवारी घेऊन ये."

पुढच्या रविवारी मोरेश्वर वही घेऊन आला. माणसं एवढीशी आहेत, मग नोझल झिरो पॉइंट दोनचं नको का? काका म्हणाले, ते सारखं तुंबेल, नवख्याच्या हाती नको. त्याच्या पुढच्या रविवारी टाकी तीन लिटरची की सहाची? मग आवाज किती होतो, बाबांची दुपारची झोप मोडेल का? मग एक पिस्टन की दोन? वाटी वर बसवलेली बरी की बाजूला? कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं की अमुक कंपनीची सुई तीन महिन्यांत वाकते. दुसऱ्या कुणी लिहिलं होतं की वाकत नाही, वापरणारा वाकडा असतो. मोरेश्वरने दोन्ही वहीत उतरवलं. रंगीत पेनांनी तक्ते आखले. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला.

त्याला आळशी म्हणू नका हं. आळशी माणूस इतकी मेहनत करत नाही! कॉलेजातून आला की तो दोन-दोन तास वाचत बसे, डोळे चुरचुरत, मान आखडे. रोज थकून झोपायचा आणि रोज मचवा कपाटावर तसाच, लाकडाच्या रंगाचा.

म्हातारा सुरुवातीला रोज विचारी, "मचवो झालो काय रे?"

"होतलो, बाबा. मशीन बघतंय."

मग चार दिवसांनी विचारू लागला. मग आठवड्याने. श्रावणात त्याने विचारणं सोडून दिलं. मला या गोष्टीतलं सगळ्यात वाईट काही वाटत असेल तर हेच. माणूस रागावला तर अजून आशा असते. त्याने विचारायचंच बंद केलं म्हणजे तो कंटाळला, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मोरेश्वरला उलट बरं वाटलं. तगादा थांबला, आता शांतपणे निवडता येईल, असं त्याला वाटलं. असे आपण असतो.

भाद्रपदात, गणपती गेल्यावरच्या रविवारी, तो काकांकडे आला तो जरा उजळलेल्या चेहऱ्याने. "काका, दोनच उरलेत. हा किंवा हा. तुम्ही फक्त बोट ठेवा."

काकांनी वही पाहिली. पाच महिन्यांत ती दोनशे पानांची झाली होती. त्यांनी ती मिटून बाजूला ठेवली, उठले आणि फळीवरून एक मूर्ती काढून आणली. चार बोटं उंचीचा दशावतारी नट होता तो, राजाच्या वेशातला. मोरेश्वरला ती मूर्ती ठाऊक होती. काका चाळीस दिवस तिच्यावर बसले होते. भुवया, कपाळाचं गंध, ओठांचा रंग, डोळ्यांतली तांबूस रेघ, सगळं जलरंगात, एकेका केसाच्या कुंचल्याने काढलेलं. आता फक्त वर्निशचा शेवटचा हात राहिला होता.

काकांनी आपला जुना एअरब्रश मोरेश्वरच्या हातात ठेवला. त्यांचा कॉम्प्रेसर म्हणजे एका मोडक्या फ्रिजचा पंप आणि त्याला जोडलेली लोखंडी टाकी. टाकीचा काटा आधीच भरल्याच्या खुणेवर होता. नळीवरची पाणी अडवणारी बाटली मात्र काढून ठेवलेली होती.

"मार वर्निश," काका म्हणाले.

"मी? यावर?"

"मग काय माझ्यावर मारतोस?"

"काका, माझ्याच्याने बिघडलं तर?"

"मार म्हणतो ना!"

मोरेश्वरने चाप दाबला. पहिला श्वासभर फवारा छान बारीक आला. मग पिचकारी खोकलल्यासारखी झाली आणि राजाच्या गालावर, डोळ्यावर, ओठांवर पाण्याचे तपकिरी थेंब थडाथड उडाले. डोळ्यातली तांबूस रेघ ओघळून हनुवटीपर्यंत आली. मोरेश्वरने एअरब्रश टाकलाच जवळजवळ.

"अरे देवा! काका, हे काय झालं? चाळीस दिवस... काका, मी..."

"झालं. बिघडलं," काका म्हणाले. आवाज चढला नाही की उतरला नाही. त्यांनी एक स्टीलची वाटी घेतली, टाकीच्या बुडाशी असलेल्या कॉकखाली धरली आणि कॉक उघडला. फस्स करून हवा सुटली आणि तिच्याबरोबर गंजाचं लाल पाणी, चांगलं अर्धी वाटी.

मोरेश्वर बघतच राहिला. "पण तुम्ही तर संध्याकाळी टाकी रिकामी करता. चार वर्षं दर रविवारी बघतोय मी."

"करतो. या वेळी पंधरा दिवस केली नाही. भरत राहिलो नुसती. बाटलीही मुद्दाम काढून ठेवली." काका हळूच पाटावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून थोडा वेळ दम घेतला, कारण त्यांनाही या शिकवण्याचा थकवा आला होता. मग ते बोलले ते असं.

"मोरेश्वर, मी टाकीत पाणी ओतलेलं नाही. हवाच भरली, चांगली स्वच्छ हवा. हवा दाबून भरायची ती लगेच सोडण्यासाठी. कोंडून ठेवली की तिच्यातलंच पाणी सुटतं, खाली साठतं आणि आतून लोखंड खातं. बाहेरून काटा मात्र भरलेलाच दाखवतो. तू पाच महिने तेच केलंस. वडिलांवर तुझी माया आहे, ते मला दिसतं. काम उत्तम व्हावं ही तुझी इच्छाही चांगली आहे. पण ती वापरली नाहीस, कोंडलीस. तिची आता भीती झाली आहे. तुला यंत्र निवडायचं नाहीच. ते तर मी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. त्यांनी कोरलेलं तुझ्या हातून बिघडेल, याला तू घाबरतोस. म्हणून आज तुझ्या हातून माझंच बिघडवून घेतलं. बघ, मी मेलो का?"

त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि राजाचा चेहरा पुसायला घेतला. भुवया गेल्या, गंध गेलं, चाळीस दिवसांचा चेहरा बोळ्यावर उतरला आणि खाली कोरं लाकूड दिसू लागलं. मोरेश्वरला ते बघवेना.

"डोळे परवा पुन्हा काढीन," काका म्हणाले. "माझ्याकडे परवा आहे. तुझ्या वडिलांकडे किती आहेत?"

मोरेश्वरने बाजूला ठेवलेली वही हातात घेतली.

"आणि एक सांग. मचव्याचा रंग कोणता होता?"

मोरेश्वरने वही उघडून पानं उलटली. घरी मचव्याचा एक फोटो होता, पण तो काळा-पांढरा. दोनशे पानांच्या वहीत नोझल होतं, सुई होती, हवेचा दाब होता, आवाजाची मापं होती. रंग कुठेच नव्हता. ज्याला ठाऊक होता तो माणूस पाच महिने शेजारच्या खोलीत बसून होता, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"हाच घेऊन जा," काका कॉम्प्रेसरकडे हात करत म्हणाले. "बाटली लाव. आणि रोज संध्याकाळी कॉक उघडायला विसरू नको, गाढवा."

इथे खरं तर दृष्टांत संपतो. व्यासपीठावर असतो तर मी इथेच थांबलो असतो आणि तुम्ही टाळ्या दिल्या असत्या. पण वडिलांच्या डोळ्यांचं काय झालं हे सांगितल्याशिवाय थांबणं मला लबाडी वाटते.

मोरेश्वर एसटीतून तो अवजड कॉम्प्रेसर मांडीवर घेऊन घरी आला. म्हातारा ओटीवर बसला होता. मोरेश्वर त्याच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, मचव्याचो रंग खयचो होतो?"

म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाला, "आता इचारतंस?"

मोरेश्वरने मान खाली घातली. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. म्हाताऱ्यानेही समजूत घातली नाही. पण मग तो बोलू लागला आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिला. पाण्याखालचं अंग पांढरं, चुना आणि मुशी माशाचं तेल कालवून लावलेलं. वरच्या फळ्या तेल पिऊन पिऊन काळपट झालेल्या. काठाखालून निळा पट्टा, पण तो भडक निळा नव्हे. रंग कमी पडला म्हणून एका वर्षी त्यात पांढरा मिसळला आणि मग तोच आवडला, तो निळा. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना लाल गोल. सात माणसांपैकी चौघांचे पंचे पांढरे, दोघांचे चौकड्यांचे. सुकाणूवरच्याची टोपी लाल, म्हणजे भिकाजींची स्वतःची. मोरेश्वरला यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फवारायला घेतलं. चूक पहिल्याच हाताला झाली. हात एका जागी जरा जास्त थांबला आणि पांढऱ्या रंगाचा ओघळ आला. मोरेश्वरने पुसला, वाळवला, पुन्हा मारला. निळा रंग तीनदा जमला नाही. तो पुठ्ठ्यांवर निळ्याच्या पट्ट्या मारून वडिलांकडे नेई. म्हातारा दारात उजेडात बसून त्या बघे. समोरचं दिसणं बरंचसं गेलं होतं, म्हणून तो पुठ्ठा समोर धरी आणि मान भिंतीकडे वळवी. डोळ्याच्या कडेने जेवढं येईल तेवढ्याने बघे. "न्हय. अजून पांढरो घाल." असं चार दिवस चाललं. रोज संध्याकाळी टाकी फस्स करून रिकामी होई आणि म्हातारा ओटीवरून विचारी, "आज काय झाला?" पुन्हा रोज विचारू लागला होता तो.

अकराव्या दिवशी मचवा झाला. आश्विन लागायचा होता. मोरेश्वरने तो दोन्ही हातांनी वडिलांसमोर धरला. अजून काही दिसत असेल की उशीर झाला असेल, हे त्याला माहीत नव्हतं. विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हाताऱ्याने मचव्याकडे तोंड केलं, पापण्या मिटल्या, उघडल्या. मग मान भिंतीकडे वळवली आणि तसाच बसला. चेहऱ्यावर काही हललं नाही. मोरेश्वरचे हात अवघडले, पण त्याने ते खाली घेतले नाहीत.

बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याचं बोट पुढे आलं. हवेत जरा चाचपडलं आणि मागच्या बाजूला, काठाखाली येऊन टेकलं.

"हयसर पट्टो वाकडो मारलंस रे."

मोरेश्वरने वाकून पाहिलं. खरंच, सुताभर वाकडा होता. त्याला स्वतःला कळलं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "तुका दिसता?"

"दिसता म्हणान तर सांगतंय!" म्हातारा चिडून म्हणाला.

बावन्न वर्षांचा तो माणूस मचवा हातात घेऊन वडिलांसमोर उभा होता, हसत होता आणि रडत होता. जिला तो पाच महिने घाबरला ती चूक वडिलांनी शोधून काढली होती, आणि इतका आनंद त्याला आजवर कशाचाच झाला नव्हता. पट्टा त्याने सरळ केला नाही. म्हातारा मान वळवून बघतच होता. एकेका माणसावर बोट ठेवून त्याचं नाव घेत होता. मग बोट लाल टोपीपाशी आलं.

"ह्यो मी," तो म्हणाला.

कार्तिक उजाडला तेव्हा म्हाताऱ्याला लाल आणि निळाही वेगळा कळेनासा झाला.

तुमच्या घरात कोण कशाची वाट बघत बसलं आहे, हे मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. मी थकलो आहे, आज एवढंच म्हणतो. जा आणि त्यांना विचारा.